वास

तुम्ही येणार असाल तर हायवेवर झोपू नका.
एकशे ऐंशी किलोमीटर नुसती स्प्रूसची झाडं,
काळपट, किडकिडीत, रांगेत उभी राहून कंटाळलेली,
मग एक पेट्रोल पंप, तो बंद,
मग पाटी : स्टर्जन फोर्क्स.
लोकसंख्येच्या आकड्यावर कुणीतरी छर्रे झाडलेत,
त्यामुळे आम्ही आठशे की तीनशे ते वाचता येत नाही.
मी शाळेची बस चालवते. बेचाळीस सीटं, मुलं सात.
यावरून काय तो हिशेब करा.

पूर्वी पाटी लागायची नाही.
वीस मैलांवरून वास यायचा
सडक्या अंड्यांचा, उकडून उकडून मेलेल्या कोबीचा,
कागद गिरणीच्या धुराड्यातून चोवीस तास.
पाहुणे नाकाला रुमाल लावायचे.
बॉयलरवरचा रेजां तिबो म्हणायचा,
"पैशांचा वास आहे. ओढून घ्या, फुकट आहे."
आणि खरंच, त्या वासावर उधारी चालायची.
दुकानदार खिडकीतून नाक बाहेर काढायचा
आणि मग वही उघडायचा.

घरं सगळी कंपनीची, सगळी हिरवी,
कारण चौपन्न साली हिरव्या रंगाची
आख्खी वाघीण कंपनीला स्वस्तात मिळाली.
वासिल ह्रिन्किव एकदा पिऊन आला
आणि शेजाऱ्याच्या पलंगावर सकाळपर्यंत झोपला,
बूट मात्र दाराशी नीट काढून ठेवलेले.
रस्त्यांना नावं बर्च, टॅमरॅक, सीडर,
जी झाडं पाडून रस्ते झाले, तीच.
मॅनेजरच्या टेकडीला नाव नव्हतं.
"वर" म्हटलं की कळायचं.

नदीपलीकडची डेल्फीन वाबूस मला म्हणाली,
तुमचं गाव सत्तर वर्षांचं,
आमच्याकडे मासेमारीची गाणी याहून म्हातारी आहेत.
गिरणी होती तेव्हा कुणी बोललं नाही.
गिरणी गेल्यावर बोर्ड लावला : मासे खाऊ नयेत.
एवढं बोलून तिनं जाळं झटकलं
आणि माझ्याकडे बघत राहिली,
जणू बोर्ड मीच लिहिला होता.

मार्चमधल्या मंगळवारी तीन माणसं विमानानं आली,
कॉफीही न घेता परत गेली.
वास त्यानंतर अकरा दिवस टिकला.
बाराव्या दिवशी वारा आला तो रिकामा.
बसमधल्या मुलांनी विचारलं, हे काय येतंय नाकाला?
राळ होती. ओला शेवाळ.
जंगल, पोरांनो. ते इथंच होतं.
नाकासमोर चालणारी माणसं आम्ही,
नाकालाच काही सापडेना, तर जायचं कुठं?
वर्षभरात निम्मे पश्चिमेला गेले, तेलाकडे.

आइली कोस्केला गेली नाही.
तिच्या वेइक्कोचे हातमोजे तिनं
ब्लूबेरी मुरंब्याच्या बरणीत घालून
झाकण घट्ट लावून ठेवलेत.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

या जानेवारीत रेजां माझ्या बसमध्ये चढला,
ऑक्सिजनचा सिलिंडर मांडीवर, तान्हं मूल धरावं तसा.
"आइलीकडे थांबव पाच मिनिटं."
उणे एकतीस होतं. मीही आत गेले.
तिनं काही विचारलं नाही.
टेबलावर फडकं अंथरलं, वर बरणी ठेवली.
त्यानं नाकातली नळी काढली.
झाकण फिरलं.
अंड्यांचा, कोबीचा, एका आख्ख्या पगाराच्या शुक्रवारचा
वास, इतका बारीक,
की मला वाटलं मी तो आठवतेय फक्त.
रेजांनं डोळे मिटले, एकदाच ओढला,
आणि घाईघाईनं म्हणाला,
"लाव, लाव. संपेल."

परतताना रस्त्यात मूस उभा होता.
त्याला घाई नव्हती.
मी थांबले, पण इंजिन चालूच ठेवलं.
या थंडीत बंद केलं की
पुन्हा सुरू होत नाही.